कॉर्डलेस सिस्टीम घेताय? ड्रिल सगळ्यात शेवटी बघा

दुकानात गेलं की पहिल्यांदा हातात येतं ते ड्रिल. स्विच दाबला की झकास फिरतं, सोबत दोन बॅटऱ्या, चार्जर आणि पेटी मिळते, आणि आपण घेऊन मोकळे होतो. खरं तर तेव्हाच पुढच्या आठ-दहा मशीनची कंपनी ठरून गेलेली असते, कारण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही.

माझंही तसंच झालं. पहिलं ड्रिल एका कंपनीचं. मग ग्राइंडर स्वस्तात मिळाला म्हणून दुसरीचा. काँक्रीटमध्ये भोकं पाडणारा रोटरी हॅमर तातडीने हवा होता, तो तिसरीचाच निघाला. साइटवर एका एक्स्टेंशन बोर्डावर तीन चार्जर, आणि ज्या मशीनचं काम निघालंय नेमकी त्याचीच बॅटरी उतरलेली. आमचा हेल्पर एकदा वैतागून म्हणाला, “दादा, एवढ्या वायरी तर आपल्या जुन्या मशीनलाही नव्हत्या.”

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: ड्रिल बघून सिस्टीम, म्हणजे एकाच बॅटरीवर चालणारं मशीनांचं कुटुंब, ठरवू नये. नावाजलेल्या कंपन्यांचं १८ व्होल्टचं ब्रशलेस (मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेलं) ड्रिल आज जवळपास सगळ्यांचंच चांगलं असतं. कस लागतो तो ग्राइंडर, हॅमर, सर्क्युलर सॉ, चार्जर आणि दुरुस्ती या ठिकाणी.

आधी आठवडाभर वही लिहा

कॅटलॉग उघडण्याआधी एक साधी वही करा. कुठलं मशीन दिवसातून किती वेळा उचललं, आणि एका दमात किती वेळ स्विच दाबलेला होता, एवढंच लिहायचं. मशीन हातात किती वेळ होतं ते नको, प्रत्यक्ष फिरत किती वेळ होतं ते हवं. या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आमच्या वहीत निघालेलं चित्र असं होतं: इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारं मशीन) दिवसभर कमरेला, पण प्रत्यक्ष फिरला वीस-पंचवीस मिनिटं, तेही दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत. ग्राइंडर दिवसात तीनदाच निघाला, पण निघाला की दहा मिनिटं सलग. हॅमर काही दिवस शिवलाही नाही आणि एका दिवशी छताला साठ भोकं. हे लिहून काढलं नसतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की आमचं सगळ्यात जास्त काम ड्रायव्हरवर चालतं. हातात तो जास्त असतो हे खरं, पण बॅटरी खाणारा राक्षस ग्राइंडर होता.

वहीच्या शेवटी दोन नावं वेगळी काढा: सलग सगळ्यात जास्त ताकद खेचणारं मशीन, आणि तुमच्या धंद्यातलं अडनिडं मशीन. प्लंबरसाठी ते पाइप दाबून जोडणारं प्रेस टूल असेल, इलेक्ट्रिशियनसाठी केबलच्या टोकाच्या धातूच्या लग दाबणारं क्रिम्पर, सुतारासाठी खिळे मारणारा नेलर किंवा पट्टीवरून सरकणारी ट्रॅक सॉ. सिस्टीम या दोघांवरून ठरते. बाकीची मशीनं सगळ्यांकडे असतात.

व्होल्टचे आकडे: पाटी आणि वस्तुस्थिती

लिथियम-आयन सेलचं नाममात्र व्होल्टेज साधारण ३.६ आणि पूर्ण भरल्यावर ४.२ पर्यंत. पाच सेल एकामागून एक जोडले की ३.६ गुणिले ५, म्हणजे १८ व्होल्ट. तेच भरल्या भरल्या मोजले तर २० च्या वर दाखवतात. त्यामुळे एकाच पॅकवर कुठे ‘१८ व्होल्ट’ तर कुठे ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापलेलं असतं. ताकदीत तसूभर फरक नाही. १०.८ आणि १२, ३६ आणि ४०, ५४ आणि ६० या जोड्यांचंही तेच. कुणी “आमचं वीसचं आहे, त्यांचं अठराचंच” म्हणून माल खपवत असेल तर हसून पुढे जा.

खरा फरक वर्गावर्गात आहे. १२ चा वर्ग हलका आणि आटोपशीर. कपाटाच्या आत, पॅनेलमध्ये, छताखाली हात वर करून दिवसभर काम असेल तर याला तोड नाही. १८ चा वर्ग म्हणजे कणा, सर्वाधिक मशीनं यातच मिळतात. ३६ आणि ५४ चा वर्ग मोठा ग्राइंडर, मोठी सॉ, एसडीएस-मॅक्स (जाड बिट धरणारा) हॅमर अशा जड कामांसाठी.

जड कामाला जास्त व्होल्ट का लागतात? ७०० वॅट ताकद १८ व्होल्टवर काढायची तर सुमारे ३९ अँपिअर करंट लागतो. ३६ व्होल्टवर तो निम्मा होतो. आणि वायरी, संपर्काच्या पट्ट्या, सेल यांत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या (करंट गुणिले करंट) प्रमाणात वाढते, म्हणजे करंट निम्मा झाला की तेवढ्याच रेझिस्टन्समध्ये उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. मोठं मशीन १८ व्होल्टवर हाणलं की बॅटरी चटका देते, त्याचं कारण हे.

वरच्या वर्गात जायचं तर कंपन्यांनी वाटा वेगवेगळ्या काढल्यात, आणि इथेच पुढे पश्चात्ताप होतो. डीवॉल्टची २०१६ साली आलेली फ्लेक्सव्होल्ट बॅटरी मोठ्या मशीनमध्ये ५४ व्होल्ट देते आणि १८ च्या मशीनमध्ये घातली की १८. हायकोकीच्या मल्टी व्होल्टची चाल तशीच, ३६ आणि १८. माकिताकडे काही मशीन १८ च्या दोन बॅटऱ्या एकदम लावून ३६ वर चालतात, पण त्यांची ४० व्होल्ट मॅक्स ही मालिका पूर्ण वेगळी आहे. तिची बॅटरी १८ च्या मशीनला बसत नाही. हिल्टीने २०२२ मध्ये न्युरॉन ही नवी बॅटरी-मालिका आणली तेव्हा २२ व्होल्टचा आकडा तोच ठेवला, खाचा मात्र बदलला, जुन्या बॅटऱ्या बाहेर. आज नाही तरी दोन वर्षांनी मोठं मशीन घेणार असाल, तर तुमच्या कंपनीचा वरचा जिना खालच्या मजल्याला जोडलेला आहे की नाही हे आजच विचारा.

खरं गणित वॅट-अवरचं

बॅटरीवर ‘५ अँपिअर-अवर’ लिहिलेलं असतं. त्याला व्होल्टने गुणलं की साठवलेली ऊर्जा मिळते: १८ गुणिले ५, म्हणजे ९० वॅट-अवर. ही बादली. आता ग्राइंडर दाबून चालवला तर ७०० वॅट ओढतो असं धरा. ९० भागिले ७००, म्हणजे जेमतेम पावणेआठ मिनिटं. भरलेली मोठी बॅटरी, आणि चहा उकळायच्या आत खलास.

पुढचं गणित जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते कुणी सांगत नाही. चांगला जलद चार्जर ही ९० वॅट-अवरची बादली ४५ मिनिटांत भरतो असं समजू. म्हणजे तो सरासरी १२० वॅटने भरतोय आणि ग्राइंडर ७०० वॅटने रिकामी करतोय. बॅटऱ्या कितीही घ्या, एका चार्जरच्या जिवावर तासाला दहा मिनिटांपेक्षा जास्त ग्राइंडिंग निघणार नाही. सकाळी भरून आणलेल्या जादा बॅटऱ्या सुरुवातीला तारून नेतात, दुपारनंतर चार्जरच मालक.

पेटीबरोबर फुकट आलेला चार्जर तर अनेकदा मंद असतो. २.५ अँपिअरवाला असेल तर त्याच बॅटरीला दोन तास लागतात. म्हणून मी म्हणतो, एक बॅटरी कमी घ्या पण चार्जर जलद घ्या. दोन बॅटऱ्या एकदम भरणारा चार्जर घेताना मात्र विचारून घ्या: दोन्ही बाजूंना पूर्ण करंट मिळतो, की एक झाल्यावर दुसरी सुरू होते? दोन खाचे दिसले म्हणजे दुप्पट वेग, असं नेहमी नसतं.

अँपिअर-अवरच्या पलीकडे आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे आत सेल कसले आणि किती. जुना नेहमीचा सेल १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. नवा २१७००, म्हणजे २१ जाड आणि ७० लांब. २.५ अँपिअर-अवरचे दहा छोटे सेल दोन ओळींत लावले की ५ चा पॅक होतो. मोठ्या सेलची एकच ओळ लावली तरी ४ चा होतो, तोही बराच कमी उंचीचा. ड्रायव्हर आणि ड्रिलसाठी हा एका ओळीचा ४ चा पॅक मला सगळ्यात आवडतो. पण छोट्या सेलची एकच ओळ असलेला २ चा पॅक ग्राइंडरला लावू नका. पाच सेलवर सगळा भार येतो, व्होल्टेज बसतं आणि मशीन रडतं. तेच मशीन मोठ्या पॅकवर अंगात आल्यासारखं चालतं, कारण करंट दोन ओळींत वाटला जातो. हल्ली टॅबलेस सेलचे पॅकही आलेत. त्यांत करंटला बाहेर पडायला एका बारीक पट्टीऐवजी सगळी कड मोकळी असते, त्यामुळे जड कामात ते कमी तापतात.

विमानाने कामाला जाणाऱ्यांसाठी जाता जाता: १०० वॅट-अवरपर्यंतची सुटी बॅटरी प्रवासी सोबत केबिनमध्ये नेतात, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही. ५ चा पॅक ९० वर बसतो, ६ चा १०८ वर जातो.

काय वायरवरच ठेवायचं

वहीतले आकडे या गणितात घातले की कळतं, सगळंच कॉर्डलेस करण्यात शहाणपण नाही. वर्कशॉपमध्ये एका जागी बसून तासभर वेल्ड घासायचं असेल तर वायरचा ग्राइंडरच बरा. काँक्रीट फोडण्याचं सलग काम, टेबल सॉवर दिवसभर फाळणी, यांचंही तेच. शिडीवर, छतावर, वीज न आलेल्या इमारतीत किंवा दहा ठिकाणी दोन-दोन मिनिटांचं काम असेल तिथे कॉर्डलेस. मी एक वायरचा ग्राइंडर आणि एक वायरचा डिमॉलिशन हॅमर अजून ठेवलाय, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

खानदान किती मोठं

आता वहीतली ती दोन नावं घ्या आणि प्रत्येक कंपनीच्या यादीत शोधा. ‘यादीत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. ते मशीन तुमच्या भागात मागवल्यावर किती दिवसांत येतं आणि त्याचे सुटे भाग मिळतात का, हे विचारा. परदेशी संकेतस्थळावर दोनशे मशीनं असतात, हाती मिळतात त्यातली पन्नास.

अडनिडं मशीन मूळ कंपनी बनवत नसेल तर बॅटरीची युती बघा. मेटाबोने २०१८ मध्ये सीएएस नावाची युती सुरू केली. तिच्यात माफेलसारखे लाकूडकामातले दर्दी आणि कोलोमिक्ससारखे मिक्सरवाले एकाच १८ व्होल्टच्या बॅटरीवर आले. बॉशच्या व्यावसायिक १८ व्होल्टच्या बॅटरीवर ॲम्पशेअर ही युती आहे, तिच्यात फाइनसारखी धातूकामातली कंपनी आहे. पण एकाच कंपनीत भाऊबंदकी असते हेही लक्षात ठेवा. बॉशची निळी मशीनं व्यावसायिक आणि हिरवी घरगुती, दोघांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकांना चालत नाहीत. मिलवॉकी आणि र्‍योबी या दोन्ही नावांची मशीनं एकच समूह बनवतो, तरी बॅटऱ्या वेगळ्या.

“ॲडॉप्टर लावला की झालं,” असं सांगणारे भेटतील. याची किंमत मी मोजलीय. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या दिव्याला ॲडॉप्टरने लावली होती. काम संपलं, दिवा बंद करायचा राहिला, रात्रभर तसाच. अनेक सिस्टीममध्ये बॅटरी फार उतरली की पुरवठा तोडण्याचं काम पॅक करत नाही, मशीन करतं. इथे मशीन परकं, ॲडॉप्टर मुका. सकाळी बॅटरी चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकत राहिला, घेईचना. सेल इतके खाली गेले होते की चार्जरने त्यांना हात लावायला नकार दिला. त्याची चूक नव्हती, तशा सेलमध्ये जबरदस्तीने करंट ढकलणं धोक्याचंच.

हातात घेऊन बघताना

आता दुकानात जा. मशीन तोलताना जी बॅटरी रोज लावणार तीच लावून तोला. दाखवायला ठेवलेल्या मशीनला बहुधा सगळ्यात छोटा पॅक असतो. हात खांद्याच्या वर नेऊन दोन मिनिटं तसाच धरा. दोन मिनिटं म्हणजे खरोखर घड्याळ लावून. दीडव्या मिनिटाला मनगट जे सांगतं ते कॅटलॉग सांगत नाही.

ग्राइंडरमध्ये तीन गोष्टी मी सोडत नाही. स्विच सोडल्यावर चाक ब्रेकने झटकन थांबलं पाहिजे, चाक अडकलं तर मशीनने स्वतः बंद पडलं पाहिजे, आणि चालू स्विच तसाच असताना बॅटरी बसवली तर ते आपोआप सुरू होता कामा नये. तिसरी चाचणी चाक काढूनच करा.

ड्रिलच्या टॉर्कचे, म्हणजे पिळण्याच्या जोराचे, आकडे ‘हार्ड’ (कडक जोडावरचा) आणि ‘सॉफ्ट’ (मऊ जोडावरचा) असे दोन असतात. जाहिरातीत मोठा, म्हणजे हार्डचा छापतात. तुलना करताना हार्डला हार्ड लावा, नाहीतर काहीच कळत नाही. ब्रशलेस घ्यायचं की नाही हा प्रश्न रोजच्या कामापुरता संपलाय. कार्बन बदलायची कटकट नाही आणि त्याच बॅटरीत काम जास्त निघतं. महिन्यातून एकदा लागणारं मशीन कार्बनवालं असलं तरी चालतं.

हॅमर घेताना ज्यूल (एका ठोक्याची ऊर्जा) बघतात, तसं माहितीपत्रकातलं कंपनही बघा. युरोपच्या नियमांत आठ तासांच्या दिवसासाठी हातावरच्या कंपनाची सावध होण्याची पातळी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि कमाल मर्यादा ५ आहे. मशीनचं कंपन १० असेल तर प्रत्यक्ष चालवण्याच्या अर्ध्या तासात पहिली पातळी येते आणि दोन तासांत दुसरी. बोटांना मुंग्या येऊन रात्री झोपमोड झालेले कारागीर मी पाहिलेत, त्यांना हा आकडा कुणी कधी दाखवला नव्हता. धूळ ओढणारी जोडणी हॅमरला बसते का हेही तिथेच विचारून घ्या. काँक्रीटची बारीक धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही.

दुरुस्ती

एक फोन करा, बस. सर्व्हिस सेंटरला सांगा: “माझ्या ग्राइंडरचा स्विच गेलाय, किती दिवस लागतील?” मिळालेल्या उत्तराची तुलना तुम्ही मशीनशिवाय किती दिवस काढू शकता याच्याशी करा. वॉरंटीत बॅटरीची मुदत मशीनपेक्षा वेगळी असते का, नोंदणी करावी लागते का आणि व्यावसायिक वापर मान्य आहे का, हे तीन मुद्दे लेखी बघा. तिसऱ्या मुद्द्यावर आमचा एक दावा एका कंपनीने परत पाठवला होता. बारीक अक्षरांत ‘घरगुती वापरासाठी’ असं होतं आणि आम्ही ते वाचलंच नव्हतं.

खरेदीचा क्रम

एकदम सगळं घेऊ नका. आधी एक संच घ्या: ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या, चार्जर. संच सुट्या खरेदीपेक्षा परवडतो. जमलं तर तो घेण्याआधी त्याच सिस्टीमचा ग्राइंडर किंवा हॅमर दोन दिवस भाड्याने किंवा ओळखीच्या कारागिराकडून आणा आणि खऱ्या कामाला लावा. एका बॅटरीत तुमच्या मापाची किती भोकं झाली, बॅटरी तापून चार्जरने ती किती वेळ ताटकळत ठेवली, हे वहीत टाका. पसंत पडलं तर पुढची मशीनं नुसती बॉडी म्हणून, बॅटरीशिवाय घ्यायची.

बॅटऱ्या किती? माणसामागे दोन, आणि जड मशीनमागे आणखी दोन मोठ्या, यावरून सुरुवात करा. दुपारी कुणी बॅटरीची वाट बघत उभा राहिला तरच वाढवा. बॅटरी न वापरताही हळूहळू म्हातारी होते, कपाटात साठा करून उपयोग नाही. आणि अर्ध्या किमतीतली बिनकंपनीची बॅटरी टाळाच. आमच्याकडे आलेली एक काट्यावर ठेवली तर तेवढ्याच क्षमतेच्या मूळ बॅटरीपेक्षा खूपच हलकी भरली. वजन कमी म्हणजे आत माल कमी.

आल्यावर

प्रत्येक बॅटरीवर पक्क्या मार्करने क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहा. “ती एक बॅटरी लवकर उतरते” हे वाक्य साइटवर रोज ऐकू येतं, पण ‘ती’ कुठली हे क्रमांकाशिवाय कळत नाही.

गरम बॅटरी लगेच चार्जरला लावली तर तो ती निवेपर्यंत थांबवून ठेवतो, म्हणून एक जागा निववण्यासाठी राखा. शून्य अंशाखाली चार्ज करू नका, सेलमध्ये धातूरूप लिथियम साचून तो कायमचा खराब होतो. उन्हात बंद गाडीत बॅटरी सोडू नका. महिनाभर वापर नसेल तर निम्मी भरलेली, थंड कोरड्या जागी ठेवा. पूर्ण उतरवून मग भरायची सवय निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली आहे, लिथियमला ती उलट मारक. खिळे-स्क्रूंच्या डब्यात सुटी बॅटरी टाकणाऱ्याला मी एकदाच समज देतो.

मेलेली बॅटरी कचऱ्यात नाही, टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्याच्या संकलनात. आणि जुनी सिस्टीम विकायची असेल तर मशीन, बॅटऱ्या, चार्जर सगळं एका लॉटमध्ये विका. आम्ही मशीनं आधी विकली. चार्जर अजून माळ्यावर आहेत, तिन्ही कंपन्यांचे.